नखभर उघडा

परबदादांनी पहिल्याच भेटीत मला एक प्रश्न विचारला आणि माझं उत्तर चुकलं. शाळेपासून मी हुशार म्हणून मिरवलेली, त्यामुळे ते मला अजून टोचतं. मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालू होती. मी सूत्रसंचालनासाठी गेले होते. माझा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी तरातरा हॉलच्या मागच्या टेबलापाशी गेले आणि तिथे बसलेल्या सडपातळ माणसाला जरा चढ्या सुरात म्हटलं, "अहो, वाढवा की जरा!"

त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला, शेजारची खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "वयनी, शून्य खय असा, दाखवा बघूया."

समोर मिक्सर होता. चोवीस उभ्या फटी, प्रत्येक फटीत वरखाली सरकणारी एक खुंटी. त्या खुंटीला फेडर म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एक फेडर म्हणजे एक माईक, म्हणजे एक माणूस. मी फटीच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. शून्य आणखी कुठे असणार?

"थय नाय. हय." त्यांचं बोट फटीच्या बरंच वर, पाऊण उंचीवर टेकलं. तिथे खरोखरच शून्य छापलेलं होतं. "शून्य म्हणजे माणूस जसो असा तसो. हेच्या वर गेलास तर तुमी घातलेला. खाली इलास तर तुमी काढलेला."

"मग अगदी तळाला काय आहे?"

तळाला आडवा आठ छापलेला होता. परबदादा त्याच्याकडे बघत म्हणाले, "अनंत. थय गेलेलो माणूस परत गावना नाय."

मला हसू आलं. मी मस्कतच्या रुवी भागातल्या एका दवाखान्यात नर्स आहे, अशी गूढ वाक्यं टाकणारे पेशंट रोज भेटतात. पण परबदादा हसले नव्हते. आणि नंतर माझ्या लक्षात आलं की चोवीसपैकी एकही फेडर त्या आडव्या आठावर टेकलेला नव्हता. जे बंद होते तेही तळापासून नखभर वर होते.

ते कुडाळजवळच्या एका गावातले. मस्कतजवळच्या बरका गावात एका इव्हेंट कंपनीत साउंडचं काम करायचे, लग्नांना आणि उद्घाटनांना स्पीकर लावायचे. त्यांच्या ओमानी अर्बाबाला, म्हणजे मालकाला, 'प' म्हणता यायचा नाही. तो लांबूनच "बरब! यल्ला, बरब!" अशी हाक मारायचा आणि परबदादा कपाळाला आठी घालून माझ्याकडे वळायचे, "बघा, अर्ध्या नावार वीस वर्सां काढलंय." आमच्या मंडळाचं काम मात्र ते सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, हौसेने करायचे. त्याबद्दल एक कप चहा घ्यायचे, तोही मिक्सरपासून दहा पावलं लांब जाऊन.

कानांना ते फार जपायचे. रस्त्यावरून चालताना दोन्ही कानांत कापूस. मस्कतच्या उन्हात लोक डोकं झाकतात, हे कान झाकायचे. आमच्याकडे जेवायला आले की आधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "वयनी, तुमचो फ्रीज काळी चारात गाता. फुडल्या म्हयन्यात बसतलो." पुढल्या महिन्यात फ्रीज बसला. माझे यजमान तेव्हापासून त्यांना घरात घ्यायला कचरायचे, न जाणो आणखी कशाबद्दल बोलतील!

त्यांच्यासमोर खोटं बोलायची सोय नव्हती. एका तालमीला मी उशिरा गेले आणि ट्रॅफिकचं कारण दिलं. ते मान हलवत म्हणाले, "माणूस खोटा बोलाक लागलो काय तेचो आवाज दातात रवता. तुमी घराकडसून उशिरा निघालास." मी चिडले. पण निघाले उशिराच होते.

आवाज कमी कसा करायचा हे त्यांनी मला वर्षभर शिकवलं. मी सूत्रसंचालन सोडून कधी त्या खुर्चीत बसायला लागले, मलाच कळलं नाही. फेडर झटक्याने खाली ओढला की ते माझ्या मनगटावर पेन्सिल मारायचे. "तोडूचो नाय. सोडवूचो. एक श्वास घ्या, आणि सोडताना खाली येवा." प्रत्येक फेडरच्या डोक्यावर एक छोटं बटण होतं. ते दाबलं की त्या एका माईकचा आवाज फक्त आपल्या हेडफोनमध्ये येतो, हॉलमध्ये काहीच ऐकू जात नाही. नट आत गेला की फेडर खाली करायचा, हे कोणीही शिकवेल. परबदादांचा नियम वेगळा होता. फेडर खाली केल्यावर ते बटण दाबायचं, आणि आत गेलेल्या माणसाला थोडा वेळ ऐकायचं.

"कशाला? तो तर बाहेर गेला."

"आमच्या लेखी गेलो," ते म्हणाले, "तेच्या लेखी नाय."

मला हे सगळं भाविकपणाचं वाटायचं. मग निझवा शहरातला कार्यक्रम झाला. भर दुपार, एका लग्नाच्या हॉलमध्ये आमची मांडामांड चालली होती. हॉल रिकामा, एसीची घरघर तेवढी चालू. परबदादांनी सगळे फेडर शून्यावर आणले आणि हेडफोन लावून डोळे मिटून बसले. कार्यक्रमाआधी मिनिटभर ते असे बसायचेच. एकदम डोळे उघडून त्यांनी विचारलं, "हॉलमधी आणि कोण असा?"

"तुम्ही आणि मी."

"तिसरो असा. निजलो हा."

मी म्हटलं, काहीतरी काय! त्यांनी स्टेजचा पडदा बाजूला केला. मागे एक बांगलादेशी कामगार सतरंजीच्या गुंडाळीवर गाढ झोपला होता आणि आमच्या माईकची पेटी त्याच्या उशाशी उघडी होती. तो बिचारा दचकून उठला आणि माफी मागायला लागला. परबदादांनी त्याला पुन्हा झोपायला लावलं आणि त्या कोपऱ्यातला माईक नखभर खाली घेतला. तेव्हा मी मनात एक खूणगाठ बांधली: या माणसाला जे ऐकू येतं, ते तिथे असतं. पुढे मला त्याच खूणगाठीची भीती वाटायला लागली.

कारण एक गोष्ट मला समजत नव्हती. मिक्सर कंपनीचा असो, हॉलचा असो, नवा असो की जुना, सात नंबरची पट्टी, म्हणजे सातव्या फेडरची जागा, परबदादा कोणाला द्यायचे नाहीत. सहाला गायिका, आठला तबला. सातच्या भोकात कुठलीच वायर नसायची. फेडर मात्र नखभर उघडा. मी विचारलं की म्हणायचे, "ऱ्हवांदे. कोणाक तरी लागतली."

दक्षिणेकडच्या सलालाहच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो ते खरीफचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे, दिवस होते. डोंगर धुक्यात बुडालेले, नारळाच्या बागा ओल्या, आणि कोकणातली माणसं नुसती बघत उभी राहिलेली. कार्यक्रम संध्याकाळी होता. दुपारी परबदादा चहाला गेले आणि मी एकटी मिक्सरपाशी बसले. मला टापटिपीची खोड आहे. चोवीस पट्ट्यांमध्ये एक रिकामी पट्टी उगाच उघडी, ते मला बघवेना. मी सात नंबरचा फेडर तळाला टेकवला.

आडव्या आठावर तो टेकला आणि त्याच पट्टीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. आवाज येत असला तरच तो दिवा लागतो. मी मागे वाकून पाहिलं. भोकात वायर नव्हती. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. मी हेडफोन लावला आणि सातचं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीत काहीतरी वर यायचं, थांबायचं, खाली जायचं. माझी नर्सची सवय अशी की असा आवाज कानावर पडला की नजर आपोआप घड्याळाकडे जाते. मी मोजले. मिनिटाला अठ्ठावीस श्वास. बसलेल्या माणसाचे इतके नसतात. छातीत काही बिनसलं असेल तरच असतात.

"ह्यो कोणी खाली केल्यान?"

परबदादा मागे उभे होते. मी त्यांना चिडलेलं बघितलं होतं, घाबरलेलं कधीच नाही. त्यांनी फेडर नखभर वर घेतला आणि दिवा विझला. मी घाईघाईने म्हटलं, दमट हवा आहे, शेजारच्या वायरीतून आवाज झिरपत असेल. ते म्हणाले, "आसात." मग खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला तळेकरांची गोष्ट सांगितली.

तळेकर मी मंडळात यायच्या आधी गेले. मूळ ठाण्याचे, आमच्या नाटकांतले हुकमी नट, आणि परबदादांचे जिवलग. नाटकाच्या दुसऱ्या अंकात ते स्टेजवरून आत गेले. पुढची एंट्री चौदा मिनिटांनी होती. कॉलरला माईक तसाच. परबदादांना फेडर खाली करायला जरा उशीर झाला आणि हॉलभर धापा ऐकू आल्या. भरलेला हॉल खो खो हसला. परबदादा ओशाळले. नाटकाचा विचका होतो म्हणून त्यांनी सातचा फेडर झटक्याने तळाला ओढला. बटण दाबायचा नियम तेव्हाही त्यांचाच होता. तळेकरांना ते नेहमी ऐटीत सांगायचे, तू आत गेलास तरी मी तुला ऐकत असतो. त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं नाही. चौदा मिनिटांनी तळेकर आले नाहीत. कपडेपटाच्या खोलीत खुर्चीवर बसलेले सापडले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कोणाला काही करता आलं नसतं. परबदादांनी ते ऐकून घेतलं. "पण तेंका म्हायत नाय," ते मला म्हणाले, "काय तेचो आवाज माझ्या हातात होतो. लोकांनी हसान काढल्यानी आणि मी तेका अनंतात धाडलंय."

अठ्ठावीसचा आकडा मी त्यांना सांगितला नाही.

त्यानंतर मीही सात नंबरला हात लावेनाशी झाले. दिवसाढवळ्या, चांगल्या उजेडात, चार माणसं आजूबाजूला असताना माझी नजर त्या हिरव्या दिव्याकडे जायची. बहुतेक वेळा तो विझलेलाच असायचा.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने परबदादांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. वय झालं, खलास. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा होता. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. "वयनी, हॉलवर येशात काय? एक काम असा. माझ्यान जावचा नाय."

तो तळेकरांच्या नाटकाचाच हॉल होता. दुपारचे तीन वाजले असतील. रिकाम्या खुर्च्या आणि एसीची घरघर, बाकी काही नाही. परबदादांनी मिक्सर लावून ठेवला होता. खिशातून रुमालाची घडी काढली आणि घडीतून एक मेमरी कार्ड. त्या मिक्सरमध्ये असं कार्ड घातलं की प्रत्येक माईक वेगवेगळा टिपला जातो. आणि फेडर वर असो की खाली, कार्डाला त्याचं काही नसतं. माईकवर जे आलं ते जसंच्या तसं राहतं.

म्हणजे ती चौदा मिनिटं त्या कार्डावर होती. इतकी वर्षं त्यांनी ती रुमालात बांधून ठेवली होती आणि एकदाही ऐकली नव्हती.

"तळेकर वहिनींना सांगितलंत?"

"सांगलंय. त्या म्हणाल्यो, माका नको, तुमी ठेवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी रोज लोकांका बरावायट सांगतास. तुमी आयका. तेना माका हाक मारल्यान काय, येवढाच माका सांगा. ता कळल्याशिवाय मी घराकडे जावन निजूचंय नाय."

ते उठले आणि पहिल्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून बसले. दोन्ही कानांत त्यांनी कापूस घातला.

मी हेडफोन लावला. मिक्सरला कार्ड वाजवायला सांगितलं आणि सातचं बटण दाबलं.

नाटकातले संवाद लांबून ऐकू येत होते. मग पावलं, दार, खुर्चीचा कुरकुर आवाज. मग धापा. मागून लोकांचं हसणं आलं, आणि त्या हसण्यात बुडालेला, हॉलमध्ये कोणाला कळलाच नसेल असा तळेकरांचा आवाज आला, ओशाळा, जरा थट्टेचा: "परब्या, खाली घे रे मला. लोक हसतायत."

मी डोळे मिटले. त्यांनीच सांगितलं होतं! परबदादांनी जे केलं तेच त्यांना हवं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी जागच्या जागी उठलेच. हेडफोन काढणार होते. काढायला हवा होता.

धापा चालू राहिल्या. माझी नजर घड्याळाकडे गेली. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. अठ्ठावीस. मग तळेकर पुढच्या एंट्रीचं वाक्य पुटपुटायला लागले, मध्येच विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्यांदा ते अर्ध्यावर थांबले. बराच वेळ नुसता श्वास, आणि त्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललेलं. आणि मग अगदी माईकजवळ, मान खाली गेल्यावर तोंड कॉलरपाशी येतं तसं, हळू आवाजात:

"परब्या... ऐकतोयस ना?"

त्यानंतर काही मिनिटं ते वाट बघत होते. मी बावीस वर्षं नर्स आहे, वाट बघणाऱ्या माणसाचा श्वास मला कळतो. मग तोही राहिला नाही. उरली नुसती खोली.

मी हेडफोन काढला. परबदादा वळले होते. त्यांनी कानातला कापूस काढून मुठीत धरला होता.

"मारली हाक," मी म्हटलं. "म्हणाले, परब्या, खाली घे रे मला, लोक हसतायत."

ते उभे राहिले. मग म्हणाले, "तेनाच सांगल्यान?"

"त्यांनीच."

"आणि काय बोललो?"

पेशंटच्या नातेवाइकांना मी आजवर कधी खोटं सांगितलेलं नाही. आमच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा अवघड वेळी मला पुढे करतात. मी परबदादांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "काही नाही. एवढंच."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ते मिक्सरपाशी आले, सात नंबरच्या फेडरवर दोन बोटं ठेवली, श्वास घेतला, आणि तो सोडत सोडत फेडर सावकाश खाली आणला. नखभरापाशी थांबले नाहीत. आडव्या आठावर तो टेकला. दिवा लागला नाही. त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चाय घेवया."

चहा पिताना ते मोकळेपणाने बोलले. घरी गेल्यावर अंगणात काय लावणार, कुठल्या भजनाला जाणार, सगळं. मी मनात म्हटलं, एक खोटं बोलले पण माणूस सुटला.

विमानतळावर मी आणि माझे यजमान त्यांना पोचवायला गेलो. त्यांच्याकडे एकच बॅग आणि हातात जुना हेडफोन. नमस्कार-चमत्कार झाले. काचेच्या पलीकडे गेल्यावर ते वळले. ओठ हलवून काही म्हणाले. काचेतून मला ऐकू येईना, मी हाताने खूण केली की कळत नाही. तेव्हा त्यांनी हात वर केला, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांजवळ आणलं आणि मध्ये जरासं अंतर ठेवलं.

नखभर.

मग दुसऱ्या हाताचं बोट हळूच स्वतःच्या दातांवर टेकवलं, मान हलवली आणि गर्दीत शिरले. माझा आवाज दातांत राहिला होता. त्यांना त्याच दुपारी कळलं होतं. हॉलमध्ये त्यांनी फेडर खाली आणला तो माझ्यासाठी, मला माझं खोटं जड होऊ नये म्हणून. मी विमानतळाच्या फरशीवर उभी राहून रडले आणि यजमानांना काय झालं ते सांगता येईना.

परबदादा गेल्या पावसाळ्यात गावीच वारले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलाने कळवलं. कानात कापूस होता का, असं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

आता मंडळाच्या कार्यक्रमांना मिक्सरवर मीच बसते. सात नंबर मी कोणाला देत नाही. नवी मुलं विचारतात, आंटी, हा का रिकामा? मी सांगते, राहू दे, कोणाला तरी लागेल. दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हा मी तो नखभर वर घेते, हेडफोन लावते आणि बटण दाबते. कधी काहीच नसतं. कधी दिवा लुकलुकतो. आणि या गणपतीपासून, मोजायची सवय जात नाही म्हणून सांगते, दोन श्वास वेगवेगळे ऐकू येतात. एक अठ्ठावीसचा. दुसरा संथ, झोपलेल्या माणसाचा.

मी टेबलावरचा माईक तोंडाशी धरते आणि हळूच म्हणते, "ऐकतेय."